उपरण्याखाली

वडगावला जनावरांच्या बाजारात
सगळेच मुके असायचे.
उपरण्याखाली हात हातात,
चार बोटं आवळली की चार, मूठ दाबली की पाच,
आणि वर तोंडानं नुसत्या गप्पा,
ऊसतोडीच्या, पाव्हण्यारावळ्यांच्या.
आप्पांना वरच्या गप्पा लागतच नव्हत्या.
बाळगोंडा हेडी म्हणून नाव होतं त्यांचं,
म्हशीची कास बघून भाव बोटात ठेवणारा.

रुकडीत परत आले की पुन्हा मुक्या.
मी आठ वर्षांची असल्यापासून
बँकेत, दवाखान्यात, भावकीच्या भांडणात
लोक मला पुढं ओढायचे:
काय म्हणतोय गं तुझा बाप?
मी सांगायचे.
शिव्या तेवढ्या गाळायचे, दोन्हीकडच्या.

मग सम्मेद झाला.
सासूबाईंनी मागून थाळी वाजवली,
तो वळला नाही.
पुन्हा वाजवली, शेजारची माणसं दारात आली,
तो वळला नाही.
आप्पा मात्र त्याच्याकडं बघून खुलले,
परमुलखात कुणी आपल्या गावचं भेटावं तसे.
मला त्यांचा राग आला.
तो राग अजून आठवतो मला, चवीसकट.

ऑपरेशन पुण्याला झालं.
कानामागं टाके, डोक्यावर नाण्याएवढं चुंबक,
आणि राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर
थेरपीच्या मॅडम:
हात बंद ठेवा. हात दिसले की मूल ऐकायचा आळस करतं.
घरी आजोबांनाही सांगा.
कसं सांगू, मॅडम?
हातांनीच सांगितलं.
आप्पांनी दोन्ही हात कोपरीच्या खिशात घातले
आणि भिंतीकडं बघत बसले.

एका रात्री वाकळेखाली काही हलताना दिसलं.
मांजर असेल म्हणून वर केली
तर दोघं. बोटात बोटं.
चोर सापडावेत तसे थिजले.
पोराला अंक आधी आले ते असे,
तेही हजारांतले.
मी वाकळ परत टाकली.
मॅडमना सांगितलं नाही.

त्याचा पहिला शब्द: आ... ई.
मधे एवढी जागा की एखादी म्हैस जावी.
मी ओट्याशी उभी राहून रडले.
खोटं कशाला बोलू,
ते मशीननं दिलेलं होतं.

एकदा त्यानं डोक्यावरचं चुंबक काढून
आप्पांच्या केसांत लावलं. पडलं.
पुन्हा लावलं. पडलं.
फ्रिजला चिकटलं, पत्र्याच्या ट्रंकेला चिकटलं,
गोठ्यातल्या साखळीलासुद्धा.
त्यानं हातांनी विचारलं,
तुमच्यात लोखंड नाही?
आप्पांनी बाही सारून दंड फुगवला,
आणि हसले, त्यांचं ते मोठं, खरखरीत हसू
जे त्यांनी कधीच ऐकलं नाही.

काल सीपीआरच्या वॉर्डात
डॉक्टर मास्कमागून बोलत होते, माझ्याशी,
आप्पांच्या अंगावरून,
मधे ओढा असावा तसे.
चादरीखाली आप्पांनी माझा हात धरला.
बाजारातली पकड.
एक बोट दाबलं. थांबले. दोन.
किती?
उपरण्याखालचं बोट खोटं बोलत नाही
हे त्यांनीच शिकवलेलं.
मी मूठ तशीच धरून राहिले, ओली,
भाव ठरेना.

सम्मेद खाटेच्या पायथ्याशी होता.
नऊ वर्षांचा, मशीनची बॅटरी नुकतीच बदललेली.
त्यानं चादर उचलली,
पार बाजूला फेकली.
सगळ्या वॉर्डासमोर आप्पांचे हात उघडे पडले,
सलाईनच्या सुईसकट,
आणि चालू झाले.

डॉक्टर पुढच्या खाटेकडं वळले होते.
त्याचा 'ब' अजून 'प'कडं झुकतो,
आवाज कुठं संपवायचा ते त्याला नीट कळत नाही,
त्यामुळं सगळ्या वॉर्डानं ऐकलं:
थांपा.
आप्पा पोलायलेत.